गंगाराम तांबटाला पहिले पान द्या

आधुनिक मराठी चित्रकलेची गोष्ट आपण १८५७ पासून, मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयापासून सांगतो. नागपूरच्या चित्रशाळेत शिकून पॅरिस गाठणारे सय्यद हैदर रझा वाचकांना ऐकून तरी माहीत असतात. पण गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट हे नाव किती जणांनी ऐकले असेल? सवाई माधवरावांच्या पुण्यातला हा चित्रकार. माझ्या मते आपल्या आधुनिक चित्रकलेचा आरंभ त्याच्यापासूनच धरायला हवा. १७९० मध्ये त्याने पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा चितारला. जर्मनीचा थोर चित्रकार आणि मुद्राचित्रकार ड्यूररने १५१५ मध्ये गेंड्याचा ठसा कोरला, तो मात्र ऐकीव माहितीवर. म्हणून त्या जनावराच्या पाठीवर नसलेले शिंगही उगवले. गंगारामाने समोरचा प्राणी पाहून त्याच्या कातडीच्या घड्या काढल्या. तीच नजर त्याने पुण्याच्या पैलवानांवर आणि वेरूळच्या लेण्यांवर रोखली. डोळ्यांना दिसते त्यावर भिस्त ठेवणे, आधुनिकपणा म्हणतात तो हाच.

यावर आक्षेप येतो की तो इंग्रजांचा आश्रित होता. इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट त्याचा आश्रयदाता होता आणि स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स याच्याबरोबर त्याने काम केले, हे खरेच. पण आश्रयदात्यावरून चित्राचे मोल ठरवायचे, तर राजदरबारांत घडलेली निम्मी कला बाद करावी लागेल. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: त्याची परंपरा चाललीच नाही. मॅलेटच्या आग्रहाने शनिवारवाड्यात चित्रशाळा निघाली खरी, पण १७९५ मध्ये वेल्स आणि पेशवे दोघेही गेले, आणि ती टिकली नाही. तरी तांबटांचा हात थांबला नव्हता. नाना फडणविसांच्या प्रोत्साहनाने एका तांबट कारागिराने भगवद्गीता तांब्याच्या पत्र्यांवर कोरायला घेतली. १८०५ मध्ये ती मिरजेला छापली गेली. छापासाठी प्रत्येक अक्षर उलटे कोरावे लागते. भांड्यांवर नक्षी उठवणाऱ्या हातांनी ते साधले, आणि कारागीर व कलावंत यांच्यात आपण घातलेली भिंत तिथेच पडली.

गंगारामाची चित्रे आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. मूळ चित्रे परत येतील तेव्हा येतील. त्यांच्या उत्तम प्रती पुण्यात कायम मांडाव्यात आणि शाळेच्या चित्रकलेच्या पुस्तकात पहिले पान त्याच्या गेंड्याला द्यावे.