नाईट गार्डचं माप घेण्याआधी

पोरगं झोपेत दात खायला लागलं की आपल्याकडे निदान ठरलेलं असतं: पोटात जंत झालेत. तेच पोरगं मोठं होऊन आयटीत चिकटलं की निदान बदलतं: स्ट्रेस. आणि पन्नाशीत घोरायला लागलं की निदान वगैरे काही नाही, नुसते विनोद. "बघा, कसा गाढ झोपलाय!" घोरण्याचा आणि गाढ झोपेचा खरं तर काही संबंध नाही. अरुंद झालेल्या घशातून हवा ओढताना होणारा तो आवाज आहे.

दात खाणं आणि घोरणं एकाच माणसात दिसलं, तर दातांच्या डॉक्टरने नाईट गार्डचं माप घेण्याआधी झोपेची चौकशी केलीच पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

उदाहरण घरचंच देतो. बाबा, वय 58. दाढा घासून सपाट, त्यातली एक तडकलेली. डेंटिस्टने (नाव-गाव जाऊ दे) कॅप बसवली, माप घेतलं आणि आठवड्यात गार्ड हातात दिलं. चार हजार रुपये. काम एकदम चोख, त्याबद्दल तक्रार नाही. पण चार भेटींत एकदाही "घोरता का? दिवसा डुलकी लागते का?" असं विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर आईकडे तयार होतं. घोरतात, मग अचानक गप्प होतात, मग दचकून मोठ्ठा श्वास घेतात. त्या गप्प वेळात ती चक्क आकडे मोजायची. पंधरा, कधी वीस. आमच्या घरची स्लीप लॅब तीस वर्षं विनावेतन चालू होती, रिपोर्ट कुणी मागितलाच नाही. आणि हेच बाबा दर महिन्याला एकटे गाडी चालवत कोल्हापूरला जायचे. एकदा खेड-शिवापूरच्या टोलच्या रांगेत त्यांचा डोळा लागला. रांगेत लागला म्हणून ठीक.

होतं काय, तर झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते आणि श्वासाची वाट बंद होते. दहा सेकंद किंवा जास्त वेळ श्वास थांबला की त्याला ॲप्निया म्हणतात. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू झोप मोडून श्वास सुरू करतो. माणसाला सकाळी यातलं काही आठवत नाही. अशा अर्धवट जागं होण्याच्या क्षणांच्या आसपास जबडा आवळला जाणं, दात घासले जाणं बऱ्याच जणांत दिसतं. दात खाणाऱ्या प्रत्येकाला ॲप्निया असतो असं मुळीच नाही. ताण, कॉफी, दारू, सिगरेट, डिप्रेशनची काही औषधं अशी कारणं असू शकतात. म्हणून तर विचारायला हवं!

गार्डमुळे दात वाचतात, दात खाणं थांबत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर एक्सेप्शन पकडायचा आणि लॉग न करता गिळून टाकायचा. त्यात आणखी एक गोम आहे. 2004 साली माँट्रियलच्या संशोधकांनी ॲप्निया असलेल्या 10 जणांना वरच्या दातांवर बसणारं साधं गार्ड लावून झोपवलं. त्यातल्या 5 जणांचे श्वासाचे अडथळे निम्म्याहून जास्त वाढले. दहाच माणसं, त्यामुळे यावरून गार्ड फेकून देऊ नका. पण दोन प्रश्न विचारायला एवढं कारण पुरेसं आहे. अमेरिकन डेंटल असोसिएशनने तर 2017 सालीच डेंटिस्टांनी झोपेतल्या श्वासाची प्राथमिक चौकशी करावी असं धोरण जाहीर केलं. सपाट दाढा, जिभेच्या कडांवर दातांचे ठसे, मागे गेलेली हनुवटी हे सगळं त्यांच्या डोळ्यांसमोरच असतं. घोरतो म्हणून आपल्याकडे कोणी डॉक्टरकडे जात नाही, दाढ ठणकली की मात्र सगळे जातात.

आता उलटी बाजू. काही ठिकाणी घोरण्यावर 'उपाय' म्हणून खालचा जबडा पुढे ओढून धरणारं उपकरण थेट विकतात. उपकरण खरं आहे, सौम्य-मध्यम ॲप्नियात चालतं, आणि ज्यांना सीपॅपचा मास्क सोसत नाही त्यांना डॉक्टरही सुचवतात. पण आधी स्लीप स्टडी हवीच. तासाला श्वास किती वेळा अडतो ते कळल्याशिवाय (5 ते 15 सौम्य, 30 च्या पुढे तीव्र) उपकरण पुरेल की नाही हे कसं ठरवणार? वर काही वर्षांत दातांची ठेवणही बदलू शकते.

बाबांचा आकडा आला 41. सीपॅप मशीन घेतलं, मेडिक्लेमवाल्यांनी हात वर केले. असो. मशीन नाकातून दाबाने हवा सोडून घसा उघडा ठेवतं. पहिले आठ दिवस आई मध्येच उठून बघायची, श्वास चालू आहे ना. एवढी शांतता तिला सवयीची नव्हती.

2022 मध्ये बप्पी लाहिरी गेले तेव्हा रुग्णालयाने कारणांत स्लीप ॲप्निया सांगितला आणि चार दिवस हा शब्द सगळ्यांच्या तोंडी होता. मग विसरलो.

फ्लॅटवर एकटे राहणाऱ्या मंडळींकडे तर आकडे मोजणारी आईही नाही. सकाळी जबडा आणि डोकं दुखत असेल, दुपारी मीटिंगमध्ये पापण्या मिटत असतील, तर दोन-तीन रात्री उशाशी फोनवर आवाज रेकॉर्ड करून ठेवा. निदान त्यावरून होणार नाही. पण डेंटिस्टच्या खुर्चीत बसल्यावर, ते मापाचा साचा तोंडात घालायच्या आधी, ऐकवता येईल.