मालिकेतले एक पुस्तक

रहस्यकथेची समीक्षा करताना आपल्याकडे एक सोय करून घेतली जाते : पुस्तक वाचायचे नाही, मालिका मोजायची. बाबुराव अर्नाळकरांच्या चर्चेत हजाराहून अधिक कथांचा आकडा हटकून येतो. झुंजारची वा काळ्या पहाडाची एखादी विशिष्ट कथा, तिच्या घाटासह, क्वचितच येते. या सोयीला संरचनावादाने सैद्धांतिक प्रतिष्ठाही मिळवून दिली. लोकप्रिय साहित्यातील श्रेष्ठ कृती तीच, जी आपल्या प्रकाराच्या नियमांत चपखल बसते, असे त्स्वेतान तोदोरोव्ह यांनी १९६६ मध्ये मांडले. गुन्ह्याची कथा आणि तपासाची कथा हे त्यांचे विभाजन उपयुक्त आहे, याविषयी वाद नाही. परंतु एक वाचली की सर्व वाचल्या, हा त्यावरून काढला जाणारा निष्कर्ष केवळ आळसाचा आहे.

हा निष्कर्ष एका पुस्तकावर तपासून पाहू. जॉर्ज सिमेनॉन यांनी १९३१ ते १९७२ या काळात इन्स्पेक्टर मेग्रेच्या पंचाहत्तर कादंबऱ्या प्रसिद्ध केल्या. ‘मेग्रे आणि बाकावरचा माणूस’ ही १९५३ सालची छोटी कादंबरी या मालिकेच्या साधारण मध्यावर येते. पॅरिसमध्ये सँ-मार्तँ मार्गालगतच्या एका बोळात लुई थुरे नावाच्या इसमाचा भोसकून खून होतो. त्याच्या पायांतले पिवळट बूट आणि गळ्यातला लाल टाय हे आपल्या नवऱ्याचे नाहीतच, असे पत्नी सांगते. तो जिथे नोकरीला होता ती पेढी तीन वर्षांपूर्वीच बंद पडलेली असते. तरीही तो रोज सकाळी ठरल्या वेळी घरून निघत असे, दिवसाचे तास बाकांवर काढत असे, आणि नेहमीच्याच गाडीने परतत असे.

नोकरी संपली, नोकरीची सवय उरली. आता ही कादंबरी कोणत्या स्थानावरून लिहिली गेली आहे, ते पाहावे. पहिल्या पुस्तकाला नायकाची स्थापना करावी लागते, शेवटच्याला निरोपाचे ओझे असते. मधल्या पुस्तकापाशी उरते ती सवय : तोच पाइप, तेच सहकारी, घरी वाट पाहणारी तीच मादाम मेग्रे. नेमक्या अशा पुस्तकात सिमेनॉन सवयीलाच आशयसूत्र करतात. मालिकेची पुनरावृत्ती आणि थुरेची पुनरावृत्ती येथे एकमेकींवर प्रकाश टाकतात. ‘मालिकेचा नमुना’ म्हणून हे पुस्तक उघडणाऱ्याला हा संबंध दिसणारच नाही. कारण पुनरावृत्ती ही त्याच्या लेखी अभ्यासविषयाची व्याख्या असते, अर्थ नव्हे. बुटांचेही तसेच. प्रकारनिष्ठ वाचनात ते धागादोरा ठरतात. कादंबरीत मात्र मेग्रेला आठवते की तारुण्यात त्यालाही असल्याच बुटांची हौस होती. आणि तपास करणारा व मृत यांच्यातले अंतर तिथे अकस्मात कमी होते.

आक्षेप येईल तो शेवटाबद्दल. गुन्हेगार हा कथेत कमीअधिक ठळकपणे वावरलेला असावा, हा एस. एस. व्हॅन डाइन यांच्या १९२८ मधील वीस नियमांपैकी एक. येथे खुनी अखेरीस, जवळजवळ बाहेरून आणल्यासारखा येतो. सिमेनॉन झपाट्याने लिहीत. घाईमुळे असे घडले असेल, हे मी मान्य करतो. (समीक्षकांनी लेखकाच्या घाईवर बोलावे की नाही, हा वेगळा प्रश्न.) पण वाचताना चुटपुट लागते ती खुन्याची नव्हे. थुरे त्या बाकावर कोणाशेजारी बसत होता आणि रिकाम्या हातांनी पगार कसा घरी नेत होता, हे कळले की खरे रहस्य संपलेले असते. नियमाच्या दृष्टीने हा दोष आहे. मग दोष असलेले पुस्तक निर्दोष पुस्तकांपेक्षा दीर्घकाळ मनात का राहते, याचे उत्तर प्रकारसिद्धांताने द्यावयास हवे. ‘अपवाद’ हा शब्द उच्चारून ते दिले जात नाही.

अर्नाळकरांत असे काहीच नाही, हे उत्तर मला आधीच ऐकू येते. ते खरेही असू शकेल. ते देणाऱ्याने आपण कोणती कथा वाचून ते दिले, तेवढे तिचे नाव सांगावे.