बाळ नाही, म्हणून विसावाही नाही?

मंडळी, आज जरा रागानेच लिहिते आहे. विषय चारचौघांत न बोलण्याचा, म्हणून तर लिहायचा.

आपल्याकडे बाळंतिणीचं किती करतात! सव्वा महिना शेक-शेगडी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, कानाला रुमाल. आणि जिचा गर्भ पडला किंवा पाडावा लागला, तिचं काय? ‘पिशवी साफ केली’ एवढं कुजबुजायचं आणि दुसऱ्या दिवशी तिला हंडा उचलायला लावायचं. बाळ नाही म्हणजे विसावा नाही, हा हिशोब कुणी शिकवला? रक्त तिच्याच अंगातून गेलं ना?

कायदा आपल्यापेक्षा शहाणा निघाला. १९७१च्या गर्भपात कायद्यानुसार सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही. गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा मातृत्व लाभ कायद्यात होती, २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. पण आमच्या स्टाफरूममध्ये बायका ‘पोट बिघडलं’ म्हणून दोन दिवसांची किरकोळ रजा टाकायच्या!

आणि आपल्या नगर जिल्ह्यातल्या पाथर्डी-शेवगावकडच्या ऊसतोडणीच्या बायका? त्यांना रजा हा शब्दच नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल आधीच घेतलेली. एक दिवस चुकला की खाडा, वर दंड. डोक्यावर मोळ्या आहेतच. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली सरकारी समितीने पाहणी केली, तेव्हा ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांवर जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. दुखण्याला उसंत द्यायची नाही, पिशवीच काढून टाकायची!

कुणी म्हणेल, डॉक्टरच सांगतात की चार दिवसांत कामाला लागता येतं. बऱ्याचजणींना येतंही. पण ते तिच्या अंगाने ठरवावं, सासूने किंवा मुकादमाने नव्हे.

सुनांनो, भाच्यांनो, एवढं लक्षात ठेवा. रक्तस्राव एक-दोन आठवडे थोडाफार चालतो. पण सलग दोन तास, तासाला दोन पॅड भिजू लागले, ताप आला किंवा अंगावरून घाण वास येऊ लागला, तर थेट दवाखाना गाठा. पाळी येण्याआधीच, पंधरा दिवसांतसुद्धा, पुन्हा दिवस राहू शकतात. हे नवऱ्यालाही बसवून सांगा.

ती रडली तर रडू द्या. नाही रडली, उलट सुटल्यासारखं वाटलं, तरी नावं ठेवू नका.

असो. घरात डिंक असेल, तर चार लाडू तिच्यासाठीही वळा.