आप्पांची तीस वर्षे कोणत्या खात्यात धरायची?



आमचे आजोबा, आप्पा, 2022 साली कल्याणच्या कोळसेवाडीत गेले. वय 92. रडण्यासारखे मरण नव्हे, असे चार जाणती माणसे म्हणाली, आणि ते खरेच होते. पण तेराव्याला गावाहून आलेल्या एका पाहुण्याने सहज एक वाक्य टाकले. म्हणाले, "आप्पांनी नोकरी केली खरी, पण गावच्या शेतीने त्यांना कधी अंतर दिले नाही." ते वाक्य मला तेव्हापासून टोचते आहे. खरी गोष्ट नेमकी उलटी आहे. अंतर दिले नाही ते आप्पांनी शेतीला.

आमचे गाव खानदेशात, पारोळ्याच्या बाजूला. 12 एकर कोरडवाहू. कापूस, ज्वारी, मध्ये तुरीचे चार तास. भाऊ दोन, आप्पा आणि नाना. या 12 एकरांवर दोन संसार चालत नाहीत, हे कळायला शाळा लागत नाही. 1958 साली थोरल्याने भुसावळकडून येणारी पॅसेंजर धरली आणि तो कल्याणला उतरला. तेव्हा कल्याणच्या परिसरात रेयॉनचा धंदा वाढत होता. एका कारखान्यात आप्पा लागले. लाकडाचा लगदा कॉस्टिकमध्ये भिजवायचा, त्यावर कार्बन डायसल्फाइड सोडायचे, मधासारखा दाट पाक करायचा आणि तो बारीक भोकांतून गंधकाच्या आम्लात सोडायचा, की झाला धागा. कुजक्या मुळ्यासारखा वास आप्पांच्या कपड्यांना कायम असे. लहानपणी मला वाटे, हा कल्याण गावाचाच वास.

पहिली 19 वर्षे आजी गावीच होती. आप्पा एका खोलीत सहा खानदेशी माणसांबरोबर राहिले. पाळ्या वेगवेगळ्या, म्हणून सहा माणसांना तीन अंथरुणे पुरत. माझ्या वडिलांनी स्वतःचे वडील पाहिले ते दिवाळीला आणि आखाजीला. याची नोंद कुणी कुठे केलेली नाही.

कापूसवाल्याचा पोरगा कापसाच्या वैऱ्याच्या घरी कामाला, असे कोणी चेष्टेने म्हणे. आप्पा हसत. 1985 च्या जूनमध्ये केंद्राचे नवे वस्त्रोद्योग धोरण आले, कृत्रिम धाग्याला मोकळे रान मिळाले. शेतकरी संघटनेने त्या कापडाला 'राजीवस्त्र' असे नाव दिले आणि होळ्यांची हाक दिली. आमच्या गावीही होळी झाली. मी 11 वर्षांचा होतो. आप्पा नेमके रजेवर आले होते. नानांनी आपला टेरिलीनचा सदरा काढून दिला, मग थोडे घुटमळून आजीची एक रेयॉनची साडी आणली. ती आप्पांनीच दिलेली. सगळे आप्पांकडे पाहू लागले. आप्पा म्हणाले, "टाक." दोन्ही जळू लागले तसे आम्हा पोरांना जवळ घेऊन म्हणाले, "नीट बघा. सदऱ्याचा गोळा होतोय, थेंब गळताहेत, तो रॉकेलच्या जातीचा. साडीची राख होतेय कापसासारखी, ती झाडाची आहे. माझा माल आणि तुमचा माल एकाच बापाचा. भाव ठरवणारा मात्र तुमचा वेगळा आहे." बाबू गेनू विलायती कापडाच्या लॉरीखाली गेला ते 1930 साल, आणि आप्पांचा जन्मही त्याच सालचा. त्या रात्री त्यांनी हे दोनदा सांगितले.

भाव ठरवणारा वेगळा म्हणजे काय, ते मला कळले आप्पांची पत्र्याची पेटी उघडली तेव्हा. आप्पांना कागद फेकवत नसे. पेटीत एका बाजूला पगाराच्या चिठ्ठ्या, दुसऱ्या बाजूला नानांनी पाठवलेल्या कापसाच्या पट्ट्या. मी ती पेटी गावी आणली आणि ओसरीवर साल लावून दोन्ही शेजारी शेजारी मांडले. पगाराच्या चिठ्ठीत महागाई भत्त्याची ओळ आहे. तेल, साखर, रॉकेल महाग झाले की निर्देशांक चढतो, निर्देशांक चढला की ती ओळ चढते. कामगारांनी ती भांडून मिळवली, त्यांचे काही चुकले नाही. पण कापसाच्या पट्टीत अशी ओळ शोधून सापडत नाही. तेल-साखर नानांनाही महागच होती. पट्टीत काय आहे? वजनातली तूट, प्रतवारी, आणि मागाहून मिळणाऱ्या रकमेचे आश्वासन. 1972 पासून राज्यात एकाधिकार कापूस खरेदी. आमच्यापासून गुजरात आणि मध्य प्रदेश फार लांब नाहीत, पण तिकडे भाव बरा असला तरी कापूस हद्दीपलीकडे नेणे हा गुन्हा. धागा मात्र कुठल्याही हद्दीपलीकडे जात होता.

ज्वारीची तऱ्हा आणखी गमतीची. 1972 च्या दुष्काळात कल्याणच्या रेशन दुकानात अमेरिकेची लाल मिलो मिळे. तिची भाकरी थापताना तुटायची, आप्पा म्हणत, जात्याला लाज वाटायची. पुढे गावी ज्वारीवर लेव्ही बसली. म्हणजे भावाने सरकारी भावात ज्वारी घालायची, आणि शहरातल्या भावाला स्वस्त धान्य द्यायचे म्हणून हे सगळे चालले आहे, असे ऐकायचे. तो शहरातला भाऊ स्वस्त धान्यात वाचलेले पैसे मनीऑर्डरने गावी परत पाठवत होता. सरकारने एवढा द्राविडी प्राणायाम कशासाठी केला, ते आप्पांना शेवटपर्यंत समजले नाही. मलाही नाही.

कोणी म्हणेल, आप्पांनाही गावाने दिलेच की. दिले. दर दिवाळीला नाना ज्वारीचे पोते आणि तुरीची डाळ घेऊन कोळसेवाडीत येत, आणि त्या भाकरीवाचून आप्पांचा सण होत नसे. पण बैल मेला तेव्हा पैसे कल्याणहून आले. आत्याचे लग्न, विहिरीचे सुरुंग, दुबारची सरकी, सगळे कल्याणहून आले. 1988 ला आप्पा निवृत्त झाले, त्यानंतर फंडातूनही आले. आम्ही गावात मान वर करून सांगत होतो की आमची शेती आमच्या पायावर उभी आहे. ती उभी होती आप्पांच्या पाळीवर.

कृषी मूल्य आयोग 1965 साली आला, आणि भाव सुचवताना तो पिकांचा खर्च काढतो. बी, खत, मजुरी, बैल, घरच्या माणसांची मजुरी, खंड, भांडवलावरचे व्याज, अशी सगळी खाती त्यात येतात. ही खातीही आपण बोंब मारली म्हणून नीट चर्चेला आली. पण कापूस पिकवण्यासाठी घरातला एक माणूस 30 वर्षे कल्याणला ठेवावा लागला, हा खर्च कोणत्या खात्यात? माझे म्हणणे असे की तोट्याची शेती इतकी वर्षे तगली ती सरकारच्या दयेने नव्हे, सावकाराच्या तर नव्हेच. ती ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या चाळींत राहणाऱ्या आपल्याच माणसांनी तगवली. शेतीला सबसिडी किती, याची वर्तमानपत्रांतून चर्चा होते. त्यात ही सबसिडी धरा. देणारा कोण होता तेही लिहा.

आता हे सांगण्याचे कारण. तो आधार गेला आहे. कल्याणजवळचा मोहोन्याचा मोठा रेयॉन कारखाना 2009 मध्ये बंद पडला. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये जिथे भोंगे वाजत तिथे आता कितीतरी ठिकाणी काचेची कार्यालये आहेत. आमच्या घरातला आजचा पोरगा डोंबिवलीत राहतो, मोटारसायकलवर लोकांच्या घरी पार्सले पोचवतो. त्याला महागाई भत्ता नाही, पेट्रोल त्याचेच. तो गावी पैसे पाठवत नाही, मध्यंतरी त्यानेच मागितले. आणि इकडे 2025 च्या ऑगस्टमध्ये, कापूस वेचणीला यायच्या तोंडावर, केंद्राने आयात कापसावरचे 11 टक्के शुल्क माफ केले आणि ती माफी डिसेंबरअखेरपर्यंत लांबवली. आप्पांच्या काळात असा घाव बसला असता तर त्या महिन्यात मनीऑर्डर थोडी मोठी आली असती. आता घाव थेट अंगावर येतो.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येकाने आपापल्या घरची पेटी उघडून यावे. मुंबईकडे कोण गेले होते, किती वर्षे, त्यांनी कशाकशाला पैसे पाठवले, ते एका कागदावर लिहून आणावे. भाव मागताना तो कागद पुढे ठेवू.

नानांच्या घरी मनीऑर्डरची कुपने तारेला टोचून ठेवलेली आहेत. पेटीतल्या पावत्यांशी ती लावताना एक हाती लागले. महिना जुलैचा, सालाचा शिक्का पुसट. आप्पांचे अक्षर: "सरकीसाठी. उरले तर पोराला चप्पल." पोरगा म्हणजे मी. त्या साली दुबार पेरणी झाली असणार, कारण चप्पल दिवाळीत आप्पाच घेऊन आले, आणि ती एक बोट मोठी होती.