आधी कोड, मग कार्ड

होमब्रू म्हणजे कंपनीने नव्हे, आपल्यासारख्यांनी घरी बसून लिहिलेला प्रोग्रॅम. २००४ साली आलेल्या निनटेंडो डीएसवर तो चालवायला सुरुवातीला पासमी नावाचं अडॅप्टर आणि खालच्या खाचेतलं फ्लॅश कार्ड, दोन्ही लागायचं. पुढे वरच्या खाचेत बसणारी आर-फोरसारखी कार्डं आली आणि त्यात मायक्रोएसडी घातलं की काम भागू लागलं.

माझं मत विचाराल तर हे कार्ड सगळ्यात शेवटी घ्या. मी उलटं केलं. मेसच्या बिलाचे पैसे घालून जुनं आर-फोर घेतलं, त्यात चार जीबीचं मायक्रोएसडी खुपसलं. मूळ आर-फोर दोन जीबीच्या वरचं ओळखतच नाही! दोन दिवस डीएसला शिव्या घातल्या, तो बिचारा निर्दोष. (मेसचा हिशेब अजून मिटायचाय.)

डेव्हकिटएआरएम फुकट मिळतं, मेलनडीएस एम्युलेटर पीसीवर चालतो. आधी तिथे लिहा. ६७ मेगाहर्ट्झ आणि चार एमबी रॅममध्ये गेम बसवताना सी खरी कळते. डीएसआय असेल तर नुसतं एसडी कार्डही पुरतं.

आणि खरं बोलायचं तर विंगमध्ये कार्ड घेणारे बहुतेक जण कॉपी केलेले गेम खेळायलाच घेतात. २०१० साली लंडनच्या हायकोर्टाने 'यावर होमब्रूही चालतं' हा विक्रेत्यांचा बचाव मानला नाही तो उगाच नाही. त्यात लिहिणारेही भरडले गेले, याचा मला राग आहे.

माझा चेंडू अजून भिंतीतून आरपार जातोय. कुणाला जमत असेल तर खोलीवर या, कार्ड वापरायला देतो.