गालिचा : अंथरावा कीं चिकटवावा?

आमच्या चिंचवडगांवांतील घरांत गालिचा असावा कीं नसावा, आणि असल्यास कसा असावा, हा वाद तीन वर्षें चालला होता. यंदा तो मिटला. दरम्यान एक खुबा मोडला, एक खोली पावसाळाभर निकामी झाली व पैसा गेला तो निराळाच. ही हकीकत छापल्यास दुसऱ्या एखाद्या कुटुंबाचें तेवढें नुकसान तरी टळेल, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या वडील वहिनी आज ७८ वर्षांच्या आहेत. तीन वर्षांपूर्वीं दिवाणखान्यांतील गालिच्याची वळलेली कड पायांत येऊन त्या पडल्या. हा गालिचा हातगांठीचा म्हणून आम्हीं स्वतःच पुण्यांतून विकत आणलेला. वहिनींना इस्पितळांत पोंचवून आल्यावर आम्हीं तो प्रथमच उलटा करून पाहिला. सुज्ञ वाचकांनीं ही तपासणी दुकानांतच करावी. खऱ्या हातगांठीच्या गालिच्यास मागच्या बाजूनेंही तीच नक्षी स्वच्छ दिसते, कारण प्रत्येक गांठ ताण्याच्या धाग्यांभोंवतीं बांधलेली असते. आमच्या गालिच्यास मागें जाड कापड डकविलेलें होतें. म्हणजे ताणलेल्या कापडांतून लोकर नुसती टोंचून घेऊन, ती गळूं नये म्हणून मागें रबरी चिकाचा लेप दिलेला. हाही प्रकार वाईट नव्हे व स्वस्तही पडतो. परंतु कांहीं वर्षांनीं तो लेप वाळतो, त्याचा भुगा होतो आणि कडा वर वळतात. दुकानदारानें शब्द एकाचा व माल दुसऱ्याचा दिला, आणि आम्हीं, जन्मभर मुलांस पदच्छेद शिकविलेल्या मास्तरांनीं, तो तपासला नाहीं.

शब्दांचा विषय निघालाच आहे, तर थोडें विषयांतर करितों. आपलें ‘अंथरूण’ संस्कृत ‘आस्तरण’ शब्दापासून आलें. ‘गालिचा’ व ‘जाजम’ फारशींतून आले. ‘सतरंजी’चा प्रवास तर मौजेचा आहे : आपला ‘चतुरंग’ इराणांत जाऊन ‘शतरंज’ झाला, आणि त्या पटासारखे चौकडे ज्या वस्त्रावर असतात तें वस्त्र ‘सतरंजी’ होऊन पुनः आपल्या घरीं आलें. या सर्वांत समान गोष्ट एवढीच कीं, तीं अंथरावयाचीं व काम होतांच उचलावयाचीं. विंडसरच्या राजवाड्यांतील वॉटर्लू दालनाचा प्रचंड गालिचा आग्र्याच्या तुरुंगांत बंद्यांनीं विणलेला. १९९२ च्या नोव्हेंबरांत त्या वाड्यास आग लागली तेव्हां शिपायांनीं तो गुंडाळून वांचविला. जमिनीस चिकटविलेला असता तर तें साधतें ना.

हें ज्ञान मात्र आम्हांस उशिरा सुचलें. आमचा पुतण्या चाकणच्या एका कारखान्यांत मोटारींच्या तळाचीं कार्पेटें करण्याच्या कामावर आहे. १९९९ सालीं बजाजचा व २००९ सालीं फोक्सवॅगनचा कारखाना चाकणास आला, तसे सुटे भाग करणारेही त्या बाजूस वाढत गेले. तेथें विणकाम नाहीं कीं गांठ नाहीं. पॉलिएस्टरचे तंतू पिंजून त्यांचा थर करतात, आणि दांते असलेल्या असंख्य सुया त्यांत टोंचून टोंचून तो एकजीव करतात. मग तापवून साच्यांत दाबला कीं मोटारीच्या तळाचे सारे उंचसखल आकार त्यावर उमटतात. पुतण्या म्हणाला, “काका, काकू कडेला अडखळल्या. कडच ठेवूं नये. त्यांच्या खोलींत भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट बसवूं.” यांत चूक काय होती? आम्ही राजी झालों.

पिंपरीहून कारागीर आला. असें कार्पेट बसविण्याच्या दोन रीती त्यानें सांगितल्या. एक, भिंतींच्या कडेनें तिरप्या खिळ्यांच्या पट्ट्या ठोकाव्या, आंत फोमची गादी पसरावी व गुडघ्यानें रेटावयाच्या हत्यारानें कार्पेट ताणून त्या टोंकांत अडकवावें. दुसरी, सरळ जमिनीस डिंकानें चिकटवावें. आमच्या तळमजल्यास शहाबादी फरशी; तींत खिळे ठोकले तर ती फुटणार. तेव्हां डिंक. वहिनी इस्पितळांतून आल्या तेव्हां खोली खरोखर मऊ व उबदार झाली होती.

ज्येष्ठ संपतांना त्या म्हणाल्या, “भाऊजी, माझ्या खोलीला भिजल्या घोंगडीचा वास येतो.” आम्हीं उदबत्ती लावविली! श्रावणांत त्यांस खोकला लागला. डॉक्टरांनीं सर्वांआधीं पायाखालीं पाहिलें. जुन्या जोत्याची ओल फरशीच्या सांध्यांतून वर येत होती. पूर्वीं ती हवेंत उडून जाई, आतां कार्पेटाखालीं कोंडली होती. उपटून पाहतों तों मागें हिरवट बुरशी. डिंक खरवडण्यास दोन मजुरांस चार दिवस लागले, व त्याचे डाग फरशीवर अजून आहेत.

पुढील उन्हाळाभर ती फरशी उघडी ठेवून वाळविली व सांधे भरून घेतले. मग पुतण्यानेंच कारखान्याच्या कचेरींत पाहिलेला प्रकार आणला : पन्नास सेंटिमीटरचे चौरस कार्पेट-तुकडे, लव आंखूड, पाठ जड. खोलीच्या मध्यावर खडूच्या दोरीनें एकमेकींस छेदणाऱ्या दोन रेषा मारून तेथून चौकोन मांडीत जावयाचे, म्हणजे कापलेले तुकडे भिंतीकडे जातात. चार कोपरे मिळतात तेथें खालून चिकट चकती. ती तुकड्यांस धरते, जमिनीस नाहीं. उंबऱ्याशीं चपटी धातूची पट्टी, म्हणजे पाय अडत नाहीं. दिवाणखान्यांत सतरंजी आहे, व ती घसरूं नये म्हणून खालीं रबरी जाळी. गणपतींत पंगत बसली कीं दोन्ही गुंडाळून माडीवर जातात.

ओल पुरी गेली असें आम्ही म्हणणार नाहीं. यंदा श्रावणांत कांहीं चौकोन उचलून पाहिले. दाराजवळील दोघांखालीं फरशी काळसर होती. पुसली, दोन दिवस उघडी ठेविली, चौकोन गच्चीवर वाळविले. वहिनींचा खोकला उलटला नाहीं. ते दोन चौकोन परत जागीं बसेपर्यंत मात्र तेवढ्या वाटेवर त्या आधीं काठी टेंकून पाहत आणि मगच पाऊल टाकीत.