चार एफएसआय, शून्य फूटपाथ

पुण्यात मेट्रो मार्गाच्या कडेने जाताना नव्या टॉवरचं एखादं होर्डिंग नीट वाचा. वर लिहिलेलं असतं 'मेट्रोपासून पाच मिनिटांवर' आणि खाली 'प्रत्येक फ्लॅटला दोन कार पार्किंग'. या दोन ओळी एकाच होर्डिंगवर सुखाने नांदतात आणि आपल्याला त्यात काहीच खटकत नाही. माझं भांडण याच्याशी आहे.

या प्रकाराला सरकारी भाषेत टीओडी म्हणतात, म्हणजे सार्वजनिक वाहतुकीच्या आधाराने शहराची वाढ. कल्पना शहाणपणाची आहे. जिथे मेट्रो किंवा बस सहज मिळते तिथे जास्त माणसं राहू द्या, दुकानं आणि ऑफिसं जवळ आणा, म्हणजे गाडी न काढता दिवस पार पडेल. केंद्र सरकारच्या 2017 च्या टीओडी धोरणात चालण्याजोगे रस्ते, परवडणारी घरं, पार्किंगवर मर्यादा असं सगळं आहे. पण धोरणापासून होर्डिंगपर्यंतच्या प्रवासात एकच गोष्ट धडधाकट पोचली, ती म्हणजे एफएसआय. पुण्यात मेट्रो स्टेशनभोवतीच्या 500 मीटरमध्ये तो 4 पर्यंत मिळू शकतो. हजार चौरस मीटरच्या प्लॉटवर चार हजार चौरस मीटर बांधकाम!

बरं, हे 500 मीटर मोजायचे कसे? नकाशावर कंपास ठेवला की सुमारे 78 हेक्टरचं सुबक वर्तुळ तयार होतं. पण माणूस काही कंपासच्या रेघेवरून चालत नाही. दोन बिंदूंमधलं सरळ अंतर आणि प्रत्यक्ष रस्त्याने जायचं अंतर यातला फरक कोड लिहिणाऱ्या कुणालाही कळतो. डेक्कन आणि संभाजी उद्यान ही स्टेशनं मुठेच्या एका काठावर, पेठा दुसऱ्या काठावर. तिथे चालायला पूल असेल तर पेठा मेट्रोजवळ आहेत, नसेल तर नाहीत. मध्ये सोसायटीची लांबलचक भिंत असेल, फूटपाथवर डीपी आणि दुचाकी उभ्या असतील, तर 300 मीटरसुद्धा लांब पडतात. मग माणूस स्टेशनजवळ राहूनही स्कूटरलाच किक मारतो.

हिंजवडीचं उदाहरण याहून बोलकं आहे. आयटी पार्क 1990 च्या दशकाच्या शेवटी उभा राहू लागला आणि मेट्रोचं भूमिपूजन झालं डिसेंबर 2018 मध्ये. मधल्या काळात तिथे जे काही बांधलं गेलं, ते गाडीवाला माणूस डोळ्यासमोर ठेवून. मोठमोठे कॅम्पस, उंच कुंपणं, मोजकी गेटं. मी नोकरी केलेल्या एका कंपनीत कार लावायला जागा फुकट होती, पण बसने येणाऱ्याला पासाचा एक रुपया मिळत नव्हता. अशा ठिकाणी नुसते खांब उभे करून लोकांच्या सवयी बदलत नाहीत.

हे आपल्याकडे जमतच नाही, असंही नाही. नवी मुंबईत सिडकोने स्टेशनं गृहीत धरून नोड आखले आणि रेल्वेच्या खर्चाचा सुमारे दोन तृतीयांश वाटा स्वतः उचलला. लोकल खाडी ओलांडून वाशीला पोचायला 1992 उजाडलं, हा उशीर वाईटच. पण वाशी आणि बेलापूरला स्टेशनवरच ऑफिसं उभी राहिली. आधी वाहतुकीचा विचार, मग इमारत, हा क्रम महाराष्ट्राला ठाऊक आहे.

'एवढी माणसं आली तर गर्दी होईल, एफएसआयच नको,' असं काही रहिवासी म्हणतात. मला ते पटत नाही. रस्ता माणसांनी तुंबत नाही, गाड्यांनी तुंबतो. स्टेशनजवळ घरं नाकारली तर तीच माणसं वाघोलीपलीकडे राहायला जातील आणि रोज गाडी घेऊन शहरात येतील. प्रश्न किती माणसं हा नाहीच. प्रश्न कोणती माणसं, हा आहे. मेट्रो आली की जागेचे भाव वाढतात. जुनी भाड्याची घरं पडतात. धुणंभांडी करणाऱ्या मावशी, वॉचमन, दुकानातली पोरं, म्हणजे ज्यांचा रोजचा प्रवास खरोखर बस-मेट्रोवर अवलंबून आहे, ती आणखी लांब फेकली जातात. त्यांच्या जागी येतो दोन गाड्यांचा मालक, जो मेट्रोत पाहुण्यांना फिरवून आणतो. सार्वजनिक पैशातून मेट्रो बांधायची आणि तिच्यामुळे वाढलेली किंमत खाजगी पार्किंगमध्ये जिरवायची, याला नियोजन म्हणत नाहीत.

म्हणून जादा एफएसआयला तीन अटी हव्यात. एक, अंतर कंपासने नाही, पायाने मोजा, आणि सलग फूटपाथ तयार झाल्याशिवाय भोगवटा प्रमाणपत्र देऊ नका. दोन, पार्किंगला किमान नाही, कमाल मर्यादा घाला, आणि पार्किंग घरापासून वेगळं विका. ज्याला गाडी नाही त्याने गाडीच्या जागेचे पैसे का भरावेत? तीन, वाढीव बांधकामातला ठरावीक हिस्सा लहान आणि भाड्याच्या घरांसाठी राखा, आणि त्यातून मिळणारं शुल्क पीएमपीच्या बस व फूटपाथवरच खर्च करा.

आपल्यापैकी बरेच जण येत्या काही वर्षांत घर बघायला निघतील. सॅम्पल फ्लॅट दाखवणाऱ्याला एकच सांगा, "चला, इथून स्टेशनपर्यंत चालत जाऊ." तो गाडीची किल्ली शोधू लागला, तर काय ते समजून घ्या.